डावणी आणि ॲमेटोक्ट्रॅडिन

“‘टो’पर्यंत येतो मी. त्याच्या पुढं ‘क’ला ‘ट’ चिकटलाय, अन् त्या ‘ट’ला खालून परत पाय फुटलाय. हे एका दमात म्हणायचं कसं गं, ताई?”

सकाळी सहाला आप्पांचा फोन. ऑक्टोबर संपत आलेला. निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन वीस दिवस झालेले आणि आदल्या रात्री दीड तास पाऊस. द्राक्षवाल्याच्या घरात या गोष्टी एका रात्रीत जमून आल्या की कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. कोवळी फूट, ओलं पान, ढगाळ आभाळ, म्हणजे डावणी हा रोग आलाच. पानाच्या वरच्या अंगाला तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग पडतो, पान उलटं केलं की खाली पांढरी लव दिसते. ती घडावर उतरली तर वर्ष गेलं.

मी नाशकात, गंगापूर रोडला, शाळेला निघायच्या तयारीत. आप्पा बागेतल्या पत्र्याच्या शेडखाली, हातात औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं माहितीपत्रक. ही पत्रकं ज्यानं उलगडून पाहिलीत त्याला ती डोळ्यांसमोर येतील. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद, घडीवर घडी, एकाखाली एक भाषा आणि मराठीच्या वाट्याला मुंगीएवढी अक्षरं. आप्पांची पिढी बाटलीवरचा रंग बघायची. लाल चौकोन म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंग बघायचा, झाकण मोजायचं, फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत ओतायचं. नाव वाचायची सवय त्यांनी पन्नाशीनंतर लावून घेतली, आणि त्याला कारण घडलं होतं. ते पुढं सांगते.

“फोटो पाठवा,” मी म्हटलं.

“फोटो नको. तू म्हण, मी मागून म्हणतो.”

तरी भावानं फोटो पाठवलाच. शब्द होता ‘ॲमेटोक्ट्रॅडिन’. मी एकवीस वर्षं मराठी शिकवते, जोडाक्षरं फोडून दाखवणं हे माझं रोजचं काम, तरी ‘क्ट्रॅ’पाशी मीसुद्धा अडखळले. मग मोठ्यानं म्हणून पाहिलं. मोठ्यानं म्हटल्यावर तोंडानंच वाट काढली.

“आप्पा, तो ‘क’ आहे ना, तो मागं द्या. ‘टो’ला देऊन टाका. ॲ-मे-टोक्. आता थांबा. मग ट्रॅ-डिन.”

पहिल्यांदा तुटक आलं, दुसऱ्यांदा जरा जवळ, तिसऱ्यांदा सलग. नंतर त्यांनी तो शब्द आणखी दोनदा उगाच म्हटला, नवी चप्पल घालून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात तसा. आणि विचारलं, “एवढं सोपं होतं तर असं लिहितात कशाला?”

आठवीच्या वर्गावर जाईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर होता.

आपल्या लिपीत व्यंजन नेहमी पुढच्या स्वराला बांधतात. ‘भक्ती’ लिहिताना भ वेगळा आणि क्ती एकत्र. पण म्हणताना आपण भक्-ती म्हणतो, क मागच्या भ ला टेकतो. डोळा एका जागी तोडतो, तोंड दुसऱ्या जागी. शाळेत वृत्तं शिकवताना जो नियम आपण मुलांकडून घोकून घेतो, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, त्याचं मूळ इथंच आहे. ‘भक्ती’तला भ ऱ्हस्व असूनही दोन मात्रांचा होतो, कारण क् चं वजन त्याच्यावर पडतं. आणि जिथं असं वजन पडत नाही, ‘तुझ्या’ किंवा ‘कुऱ्हाड’मध्ये, तिथं आधीचं अक्षर लघुच राहतं. व्याकरण या वजनाला आघात म्हणतं. म्हणजे शब्द तोंडात कुठं तुटतो याची पक्की जाण आपल्या छंदशास्त्राला फार आधीपासून होती. आपण ती कवितेपुरती ठेवली, औषधाच्या बाटलीपर्यंत आणली नाही.

घरच्या शब्दांना ती लागतही नाही. आमच्या जवळची मोठी बाजारपेठ पिंपळगाव बसवंत. लिहिताना ‘बसवंत’मध्ये स पूर्ण आहे, त्यात ‘अ’ आहे. पण आमच्याकडे कुणीही ब-स-वंत म्हणत नाही, बस्-वंत म्हणतात. ‘करवत’चं कर्-वत होतं. कुठला ‘अ’ गिळायचा हे मराठी तोंडाला न सांगता कळतं, कारण शब्द आधी कानांनी घेतलेला असतो, वाचायची वेळ नंतर येते. ‘इलेक्ट्रिक’ बघा. त्यातही तोच ‘क्ट्र’ बसलाय, आणि आप्पा तो शब्द मोटर बसवल्यापासून बिनचूक म्हणत आलेत. तो त्यांनी वायरमनच्या तोंडून ऐकला होता. ॲमेटोक्ट्रॅडिन मात्र कानांना वगळून थेट डोळ्यांपुढं आला. मराठीत ‘क्ट्र’नं सुरू होणारा शब्दच नाही. डोळ्यानं तो गठ्ठा एकसंध उचलून जिभेवर ठेवला, आणि जिभेला तो कुठून धरावा हे कळेना. आप्पांना वाचता येत नव्हतं असं नव्हे. शब्द त्यांच्यापर्यंत उलट्या रस्त्यानं आला होता.

कानांनी घेतलेला परका शब्द मराठी कसा आपलासा करते याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला ‘डावणी’ वाटतं. मूळ इंग्रजी नाव डाऊनी मिल्ड्यू. डाऊनी म्हणजे लव असलेला. शेतकऱ्यानं मिल्ड्यू गाळून टाकलं आणि डाऊनीचं डावणी केलं. छाटणी, फवारणी, विरळणी, काढणी. बागेतल्या सगळ्या कामांच्या रांगेत डावणी अशी जाऊन बसली की ती बाहेरून आली हे सांगूनही पटू नये. तिची बहीण भुरी, तिला तर मराठीच नाव मिळालं, तिच्या करड्या-पांढऱ्या भुकटीवरून. रोगांना आपण बारसं करून घरात घेतलं. जुन्या औषधांनाही घेतलं होतं. डावणीवरचं पहिलं मोठं औषध फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये जाहीर केलं, तेच आपलं बोर्डो. त्यात काय असतं? मोरचूद आणि चुना. हे दोन शब्द उच्चारायला कुणाला फोन करावा लागत नाही. आणि ते उच्चारले की आत काय आहे हेही कळतं. मोरचूद निळं, चुना पांढरा. अंगणात कालवायचं, निळ्या पाण्यात बुडवलेला खिळा तांबूस झाला तर चुना अजून कमी आहे असं समजायचं. आईसुद्धा ते करायची.

नंतरच्या औषधांच्या नावांशी आमचं तसं नातं जडलं नाही. त्याची किंमत २०१० मध्ये कळली.

त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि माल त्याच्या वर निघाला. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या महिन्यात हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला. आमच्या घरात तो फोनवरून आला. ज्या निर्यातदाराला आमचा माल दिला होता त्याचा माणूस फोनवर होता. आप्पांनी शब्द दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, “नाही साहेब. हे औषध आमच्या बागेत आलेलंच नाही.” पलीकडून आवाज चढला. आप्पा पुन्हा तेच म्हणाले. फोन ठेवल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. पैसे अडकल्याचं दुःख होतंच, पण खोटं बोलतोय असं कुणीतरी तोंडावर म्हणालं होतं, ते त्यांना उतरत नव्हतं. 

चौथ्या दिवशी उलगडा झाला. खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात, काडीची वाढ थोपवायला आणि काडीत घड धरायला मदत व्हावी म्हणून वर्षानुवर्षं सगळे ‘सीसीसी’ मारायचे. आम्हीही. त्याचे अंश वेलीत मुरून राहतात आणि पुढच्या फळात उतरतात. सीसीसी म्हणजे क्लोरो-कोलीन-क्लोराइड, आणि क्लोरमेक्वाट क्लोराइड हे त्याच पदार्थाचं दुसरं नाव. दुकानात एक नाव, प्रयोगशाळेत दुसरं, बाटलीवर ठळक अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं तिसरंच. आप्पा खोटं बोलले नव्हते. त्यांना विचारलेल्या शब्दाला त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

आज तो शब्द मी फोडू शकते. क्लोर म्हणजे क्लोरीन, मे म्हणजे मिथिल, क्वाट म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम नावाची अणूंची एक ठेवण. तोच क्वाट पॅराक्वाटमध्ये आहे, जे तणनाशक आप्पांना नावानिशी माहीत होतं. पण तेव्हा क्लोर-मे-क्वाट असा तो हळू म्हणून दाखवणारं, आत काय आहे ते सांगणारं आमच्याजवळ कुणी नव्हतं. मीही नव्हते. मी नाशकात केकावली शिकवत होते. ते मला अजून लागतं.

त्या वर्षी मला पंचवटीतले गुरुजी फार आठवले. बीएला असताना मी पंचवटीत खोली घेऊन राहायचे, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. घरमालक ऋग्वेदी दशग्रंथी, म्हणजे वेद आणि त्याची अंगं मुखोद्गत असलेले. त्यांचा पुतण्या पहाटे त्यांच्यासमोर संथा घ्यायला, म्हणजे ऐकून पाठ करायला, बसायचा, आणि भिंतीपलीकडून ते सगळं मला ऐकू यायचं. एकदा न राहवून मी विचारलं, “गुरुजी, तो तीच ओळ कधी सलग म्हणतो, कधी तुकडे करून. असं का?”

गुरुजींनी मला समोर बसवलं. ऋग्वेदाचा पहिलाच मंत्र घेतला. “सलग म्हणताना कानाला काय येतं? यज्ञस्य देवमृत्विजम्. दे-व-मृत्-वि-जम्. ‘देवम्’मधला म् सुटला आणि पुढच्या ऋ ला जाऊन बसला. तोंडाची ती रीतच आहे बाळ, मोकळं व्यंजन दिसलं की पुढच्या स्वराला देऊन टाकायचं. पण मग देव कुठं संपला आणि ऋत्विज कुठं सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? म्हणून पदपाठ. देवम्। ऋत्विजम्।” आणि पुढं ‘रत्नधातमम्’ घेऊन त्यांनी तो शब्दही मधोमध उघडला: रत्नऽधातमम्. एकच पद, पण आत दोन अर्थ राहतात, तर त्यांच्यामध्ये अवग्रहाची खूण. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. मग क्रम, जटा, घन हे म्हणायचे आणखी प्रकार. घनपाठात तीच पदं एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी उलटसुलट गुंफतात, म्हणजे एकही सांधा निसटायला जागा राहत नाही.

मला तेव्हा ते पाठांतराचं शास्त्र वाटलं होतं. त्यात शब्दाला दोन वेगवेगळ्या जागी तोडता येतं हे सांगितलंय, ते कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली. एक तोड तोंडाची, एक अर्थाची. तोंडाच्या तोडीनं शब्द म्हणता येतो. अर्थाच्या तोडीनं शब्द उघडतो. आणि दोन्ही तोडी बहुतेक वेळा एका जागी पडत नाहीत.

त्या दिवशी आठवीच्या वर्गात मी पाठ बाजूला ठेवून फळ्यावर ‘हेलिकॉप्टर’ लिहिला आणि म्हटलं, तोडा. सगळ्या वर्गानं एका आवाजात हेलि आणि कॉप्टर असे तुकडे केले. तोंडाच्या हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. मूळ ग्रीक मात्र हेलिको आणि प्टर: मळसूत्रासारखा फिरणारा, आणि पंख. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला, “बाई, मग टेरोडॅक्टिलमधला तो न म्हणायचा प तोच का?” तोच. पंख आणि बोट. उडणाऱ्या त्या प्राण्याच्या बोटाला पंख होते. मी त्या मुलाच्या वहीवर तारीख घातली, तो दिवस त्याच्याजवळ राहावा म्हणून.

रविवारी गावी गेले. डावणी आटोक्यात होती, चार-दोन पानं सोडली तर वेली स्वच्छ. आप्पा शेडखाली फवारणीची वही घेऊन बसले होते. २०१० नंतर ती वही त्यांनी एक दिवस चुकवलेली नाही. लांबोडी, हिशेबाची, बाइंडिंगला काळी पट्टी. डाव्या बाजूला तारीख, मग प्लॉट, मग औषध, मग पाण्याचं माप, मग काढणीआधी किती दिवस थांबायचं तो आकडा. औषधाच्या रकान्यात ते कंपनीचं नाव लिहीत नाहीत, आतल्या रसायनाचं लिहितात, आणि लिहिताना मध्ये उभ्या रेघा ओढतात. डाय। मे। थो। मॉर्फ। पदपाठातला दंड, ती उभी रेघ, मी त्यांना दाखवला होता. त्यांनी तो असा वापरात आणला.

या रेघांनी आमचं पुष्कळ भलं झालं. एका साली भुरी हटत नव्हती. आप्पांनी औषध बदललं, पुन्हा बदललं, तरी नाही. मग दोघं वही काढून बसलो. हेक्सा। कोनॅझोल। टेट्रा। कोनॅझोल। डायफेनो। कोनॅझोल। डोकं तिन्ही वेळा नवं, शेपूट तेच. शेपूट तेच म्हणजे कूळ तेच, बुरशीच्या शरीरात जाऊन मारायची जागा तीच. एकाच कुळातली औषधं लागोपाठ मारली की बुरशी त्यांना सरावते. तेव्हापासून आप्पा आधी शेपूट वाचतात. ‘स्ट्रोबिन’वाल्यांचं एक कूळ. ते नाव पाइनच्या वाळक्या फळांवर उगवणाऱ्या एका इवल्या अळंबीच्या छत्रीवरून आलं, जिच्यात या कुळाचा मूळ पदार्थ सापडला. ‘ॲझॉक्सिस्ट्रोबिन’ त्यांना म्हणायला आवडतो. झऱ्यातला झ त्यात आहे, म्हणतात. ‘मॉर्फ’ म्हणजे मॉर्फोलीनवालं. एवढी विद्या त्यांना एका उन्हाळ्यात आली, कारण शब्द तुटायला लागल्यावर प्रत्येक तुकडा ते दुसऱ्या बाटलीवर शोधायला लागले.

“हा नवा कसा तोडायचा?” त्यांनी बोट ठेवलं. त्यांनी लिहिलं होतं, मी फोनवर सांगितलं होतं तसंच: ॲ। मे। टोक्। ट्रॅ। डिन।

“ही तोंडाची तोड झाली,” मी म्हटलं. “अर्थाची निराळी आहे.” आठवड्यात मी त्या रेणूचं पूर्ण रासायनिक नाव वाचून ठेवलं होतं. त्यात अमाइन आहे, इथिल आहे, ऑक्टिल आहे, ट्रायझोलो आहे, पिरिमिडिन आहे. हे सगळे त्या छोट्या नावात ओळीनं डोकावतात. मी त्यांच्या वहीत पेन्सिलनं खाली लिहिलं: ॲम। एट। ऑक्ट। ट्रा। डिन।

आप्पांनी दोन्ही ओळी एकाखाली एक पाहिल्या. चष्मा वर केला, परत पाहिल्या. ॲमचा म सुटून एटच्या ए ला मिळालेला, म्हणून ‘मे’. एटचा ट सुटून ऑक्टच्या ऑ ला मिळालेला, म्हणून ‘टो’. देवम् आणि ऋत्विजम् यांचं जे झालं, अगदी तेच. मोकळं व्यंजन दिसलं की पुढच्या स्वराला देऊन टाकायचं. गुरुजींच्या खोलीतली ती सकाळ आणि ही बाटली एका रेषेत येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हे आप्पांना सांगायला गेले, पण ते तिसऱ्या तुकड्यापाशी थांबले होते.

“ऑक्ट म्हणजे?”

“आठ. कार्बनचे आठ अणू एकापुढं एक, साखळीसारखे. आपलं अष्ट तेच.”

“अन् ऑक्टोबर?”

“तोही आठच. रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं. मार्चपासून मोजा.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मार्च, एप्रिल, मे. आठव्या पेरावर ऑक्टोबर आला. गोडी छाटणीला आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. तो शब्द त्यांच्या तोंडात पन्नास वर्षं होता. ते काही बोलले नाहीत. वहीतल्या ‘ऑक्ट’भोवती त्यांनी पेननं एक गोल काढला, सावकाश, टोकाला टोक मिळवून.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडच्या शिवारातला बागाईतदार होता, आवाज मला बाहेरपर्यंत येत होता. दुकानात उभा राहून तो कुठलंसं नाव वाचत होता आणि मध्येच अडकत होता. आप्पांनी चष्मा नाकावर घेतला, वही जवळ ओढली.

“कुठवर आलास? ‘टो’पर्यंत? हां. मग त्याच्या पुढचा ‘क’ हाये ना, तो मागं दे. ‘टो’ला दे. दिला? आता म्हण.”